पोटाखालचं अंथरूण

दिव्यांच्या अवसेची संध्याकाळ होती. आईने समया, निरांजनं, अण्णांच्या वेळचा कंदील, सगळं घासूनपुसून पाटावर मांडलं होतं. कणकेचे दिवे लावून झाले होते आणि बाहेर पाचपाखाडीत पाऊस असा कोसळत होता की समोरची इमारत दिसत नव्हती. चकलीचं, म्हणजे आमच्या पाळलेल्या सापाचं, पाण्याचं भांडं बदलायचं राहिलं होतं, म्हणून मी तिला पेटीतून उचललं. तिने सवयीप्रमाणे माझ्या मनगटाला वेढा घातला आणि तिच्या पोटाची बाजू दिव्यांकडे झाली. पांढऱ्या पोटावर मधोमध, चार-पाच खवल्यांवर, लालसर तपकिरी डाग होता. मी बोटाने हलकेच दाबून पाहिलं. लाली गेली नाही.

दाबल्यावर न जाणारी लाली मला ओळखीची आहे. ती मी पहिल्यांदा पाहिली अण्णांच्या माकडहाडावर.

चकली आमच्याकडे आली ती भाच्यामुळे. तो शिकायला जर्मनीला गेला आणि जाताना म्हणाला, "मावशी, तुझ्याशिवाय कुणावर सोडू?" ती बॉल पायथन आहे, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतला छोटा अजगर. घाना, टोगो, बेनिनकडच्या माळरानांत हा साप उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत राहतो. घाबरला की फणा नाही, सहसा फुत्कारही नाही, डोकं मधोमध लपवून स्वतःचा चेंडू करतो. म्हणून बॉल पायथन. ती पहिल्यांदा अशी गुंडाळलेली पाहिली तेव्हा भाजणीच्या चकलीचाच रंग आणि चकलीचंच वेटोळं, त्यामुळे नाव शोधावं लागलं नाही. साडेतीन फूट लांब, दीड किलोच्या आतबाहेर वजन. नीट सांभाळली तर वीस-तीस वर्षं जगेल. हा आकडा कळला तेव्हा मी मनातल्या मनात माझ्या वयात तीस मिळवून पाहिले होते.

अण्णांना अर्धांगवायू झाला आणि ते चौदा महिने अंथरुणाला खिळून होते. त्यांना सांभाळायला येणाऱ्या बाईंनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं की खोलीत शिरल्यावर आधी चादर बघायची, मग माणूस. चादरीला चुणी पडली आहे का, ओल आहे का, खाली बिस्किटाचा चुरा आहे का. दर दोन तासांनी कूस बदलायची. अण्णांचं बोलणं गेलं होतं, त्यामुळे दुखतंय हे ते सांगू शकत नव्हते. त्यांच्या वतीने चादर सांगायची. आम्ही एका लग्नासाठी नाशिकला गेलो होतो, दीड दिवस, आणि परतलो तेव्हा तो लाल डाग होता. पुढे त्याची जखम झाली. ती भरायला तीन महिने लागले.

आणि साप तर जन्मभर पोटावरच असतो. त्याची कूस बदलायची सोय नाही. पोटावर दोनशेच्या आसपास आडवे रुंद खवले असतात, त्यांच्यावरच तो सरकतो, झोपतो, पचवतो. त्यांच्याखाली जे असेल तेच त्याचं जग. हे मला कळत होतं, तरी त्या पावसाळ्यात माझी चूक झाली.

चूक अंथरुणाची होती. भाच्याने पेटीत नारळाचं सोडण घातलेलं होतं, बारीक चौकोनी तुकडे आणि काथ्या मिसळलेला. बॉल पायथनला हवेत ओलावा लागतो, साधारण पंचावन्न ते पासष्ट टक्के. तो नसेल तर कात नीट निघत नाही. नारळाचं सोडण पाणी धरून ठेवतं आणि हळूहळू सोडतं, म्हणून ते चांगलं. भाचा मला कागदावर लिहून देऊन गेला होता की दर दोन दिवसांनी पाणी फवारायचं. मी इमानेइतबारे फवारत राहिले. मार्चमध्ये, एप्रिलमध्ये ते बरोबरही होतं. त्या दिवसांत मी खोलीत एसी लावते आणि एसीने हवा सुकते. पण ही पथ्यं मुळात ज्यांनी लिहिली, त्यांच्या घरांत बाहेर बर्फ आणि आत हीटर असतो. ठाण्यात जुलै महिन्यात भिंतीला पाणी सुटतं. कपाटातल्या चपलांना बुरशी येते, मिठाच्या बरणीत तांदूळ टाकावे लागतात, पापड डब्यातून काढले की पाच मिनिटांत मऊ. त्या हवेत मी एका बंद पेटीत फवारा मारत होते.

त्या रात्री मी सगळं सोडण उपसून काढलं. वरचा थर ठीक होता. बोटभर खाली गेल्यावर ते चिखलासारखं गार लागलं, आणि तळाशी, चकलीच्या आवडत्या कोपऱ्यात, पांढरी बुरशी कापसासारखी पसरलेली होती. तिला तो कोपरा आवडायचा कारण तिथे तिची लपायची जागा आहे, एक उलटा घातलेला मातीचा परळ. अंग चारी बाजूंनी टेकलं की साप निर्धास्त होतो. निर्धास्त होऊन ती त्या ओलीवर दिवसचे दिवस पडून होती.

मी पेटी कोरडी पुसली आणि तळाशी दोन दिवसांची रद्दी अंथरली. चकली वर्तमानपत्रावरून सरकत गेली तेव्हा जो खरखर आवाज झाला तो आईने स्वयंपाकघरातून ऐकला. "काय वाचतेय का ती?" असं विचारत ती दारापर्यंत आली. डाग दाखवल्यावर मात्र तिचा चेहरा पडला. तीही अण्णांजवळ चौदा महिने होती. "लागला का गं तिलाही?" एवढंच म्हणाली.

डॉक्टर मिळवणं सोपं गेलं नाही. आधी जिथे गेले तिथे पिशवीत साप आहे म्हटल्यावर, कंपाउंडरने पिशवी दाराबाहेर ठेवायला सांगितली आणि डॉक्टर आतूनच "आम्ही कुत्री-मांजरं बघतो" म्हणाले. त्यात त्यांचा फार दोष नाही, त्यांना सवय नाही. पण पावसात, उशीच्या अभ्र्यात बांधलेला आजारी जीव पोटाशी धरून पायरीवर उभं राहणं मी विसरणार नाही. शेवटी मुलुंडला सरपटणारे प्राणी बघणाऱ्या एक डॉक्टर मिळाल्या. प्रतिपदेच्या सकाळी नऊला आम्ही तिथे होतो.

त्यांनी चकलीला टेबलावर उताणी न करता, हातावरून हळूहळू सरकवत एकेक खवला पाहिला. खवलेकुजीची सुरुवात, म्हणाल्या. ओल आणि घाण एकत्र आली की खवल्यांच्या सांध्यांतून जंतू शिरतात. आधी लाली, मग पाण्याचे फोड, मग खवला सडतो, आणि वेळेवर लक्ष गेलं नाही तर संसर्ग रक्तात उतरून साप मरतो. आपलं वेळेत दिसलं होतं. इंजेक्शन त्यांनी अंगाच्या पुढच्या भागात दिलं. मी विचारलं तेव्हा सांगितलं की सापाच्या मागच्या भागातलं रक्त आधी मूत्रपिंडांतून जाऊ शकतं, म्हणून मागे टोचत नाहीत. दर ७२ तासांनी एक. औषधाचं नाव मी इथे मुद्दामच देत नाही. सापाचं औषध वजनावर मोजून ठरतं आणि ते ठरवणं आपलं काम नाही.

घरचं काम वेगळं होतं. कागद रोज बदलायचा, घाण दिसली तर लगेच. पोव्हिडोन आयोडीन पाण्यात, कोऱ्या फिक्या चहाच्या रंगाएवढं पातळ करून, कापसाने पोट पुसायचं आणि पूर्ण कोरडं झाल्याशिवाय आत सोडायचं नाही. आणि ऊब. सापाच्या अंगात स्वतःची ऊब नसते, बाहेरून मिळेल तीच. तो गारठला तर त्याची रोगाशी लढायची ताकदही गारठते. म्हणून पेटीची एक बाजू ३२ अंशांवर आणि दुसरी २६ च्या आसपास, म्हणजे तिला हवं तिथे जाता येतं. उबेची चटई पेटीच्या खाली, बाहेरून लावलेली, थर्मोस्टॅटला, म्हणजे ठरलेल्या उबेपुढे ती बंद करणाऱ्या यंत्राला, जोडलेली. थर्मोस्टॅटशिवाय ही चटई लावू नये, साप भाजतात. आणि भाजत असतानाही ते पुष्कळदा तिथून हलत नाहीत.

दुसरं इंजेक्शन चतुर्थीला झालं. दुसऱ्या दिवशी नागपंचमी. आमच्याकडे त्या दिवशी चिरत नाहीत, कापत नाहीत, तवा ठेवत नाहीत. आई पाटावर चंदनाने नाग काढते, लाह्या-दूध ठेवते आणि पुरणाचे दिंड उकडते. सकाळी सकाळी ती माझ्या खोलीच्या दारात आली. "आज सुई नाही ना टोचायची तिला?" मी म्हटलं, "नाही गं, परवा आहे." "मग बरं," म्हणाली आणि गेली. दूध तिला द्यायचं का, हे मात्र तिने पहिल्या वर्षीही विचारलं नव्हतं. गावाला गारुडी यायचे तेव्हा तिच्या वडिलांनी तिला सांगितलं होतं की साप दूध पीत नाही, त्याला दिवसेंदिवस तहानलेलं ठेवतात म्हणून तो भांड्यात तोंड घालतो, आणि मग ते दूध त्याला बाधतं.

त्या आजारपणात मला अंथरुणाचा नाद लागला तो लागलाच. जे जे मिळेल ते आणून हातात चुरून, वास घेऊन पाहिलं. कुणी म्हणतं सुताराकडचा भुसा आणा, फुकट मिळतो. तो अजिबात नको. त्यात प्लायवूडचा डिंक असतो, आणि भुश्याची धूळ सरळ नाकात जाते. पाइनच्या खोक्यांच्या आणि देवदाराच्या रंध्याच्या साली दिसायला फार सुंदर, वासही छान, पण तो वासच वाईट. देवदार हा सीडरचाच भाऊ, आणि सीडरच्या तेलांनी सापाच्या फुप्फुसांना आणि यकृताला इजा होते. लाकडात अॅस्पेन चालतं, त्याला उग्र तेल नाही, आणि कॉर्न स्नेकसारख्या कोरड्यात राहणाऱ्या सापांना त्यात बिळं करता येतात म्हणून ते फार आवडतं. पण ते बाहेरून येतं, महाग पडतं आणि आपल्या पावसाळ्यात भिजलं की दोन दिवसांत बुरशी धरतं. वाळू बघायला नैसर्गिक वाटते, पण घासासोबत पोटात गेली तर आतड्यात साचते. नर्सरीत मिळणारी कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्याची, वीट स्वस्त आणि चांगली, फक्त दोन गोष्टी बघाव्या लागतात. त्यात खत मिसळलेलं नाही ना, हे विचारायचं. आणि काथ्यात मीठ असतं, म्हणून दोन-तीन पाण्यांनी धुऊन, पिळून, उन्हात खडखडीत वाळवून मगच वापरायची. मी मेमध्ये गच्चीत जुन्या लुगड्यावर पसरून वाळवते, आईच्या कुरडयांच्या शेजारी. मुठीत दाबलं तर गोळा व्हावा पण थेंब पडू नये, एवढाच ओलावा. आणि वरचा थर कोरडाच.

आता माझी पेटी ऋतूप्रमाणे बदलते. गणपती येऊन जाईपर्यंत कागद, नुसता कागद. कात टाकायच्या आधी तिच्या डोळ्यांवर दुधी निळसर झाक येते, तेव्हा एका झाकणाच्या डब्यात ओलसर मॉस घालून ठेवते. वाटलं तर ती आत जाते, नाहीतर बाहेर कोरड्यावर. ऑक्टोबरची हीट सुरू झाली की सोडण परत येतं. कागदाला लोक हसतात. पेटी उघडीबोडकी दिसते, फोटो चांगला येत नाही, हे खरं आहे. पण कागदावर सगळं दिसतं. सापाच्या लघवीचा भाग घट्ट पांढरा, खडूसारखा असतो. तो पिवळटला तर पाणी कमी पडतंय का बघावं लागतं. खवल्यांवरच्या गोचिड्या टाचणीच्या टोकाएवढ्या काळ्या असतात, तपकिरी सोडणात त्या कधीच दिसणार नाहीत, पांढऱ्या कागदावर चालताना दिसतात. साप उगाच तासन् तास पाण्याच्या भांड्यात बसायला लागला तर पहिला संशय त्यांचाच. म्हणून नवा साप घरात आला की पहिले दोन-तीन महिने वेगळ्या खोलीत, कागदावर. आणि कागद साधा वर्तमानपत्राचा. चकचकीत पुरवणी पाणी शोषत नाही, तिच्यावर ओल तशीच साचून राहते.

ती पेटी फिनेलने पुसू नये, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आपल्याकडे घर स्वच्छ म्हणजे फिनेलचा वास. पण फिनेल सापाला विष आहे. कपाटातल्या डांबरगोळ्या, पेस्ट कंट्रोलचा फवारा, डासांची अगरबत्ती, हे सगळं मी तिच्या खोलीतून हद्दपार केलं. पेटी गरम पाणी आणि साबणाने, महिन्यातून एकदा पातळ केलेल्या ब्लीचने धुते, आणि वास पूर्ण जाईपर्यंत खळबळते.

छातीचं दुखणं हे दुसरं मोठं भय. सापाला आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला स्नायूचा पडदा, नसतं, त्याला धड खोकता येत नाही. आत कफ साचला तर तो बाहेर टाकता येत नाही. तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, नाकाशी बुडबुडे, शिट्टीसारखा आवाज, डोकं सतत वर धरून बसणं, यातलं एक दिसलं तरी उद्यावर ढकलू नये. मी रोज रात्री दिवा घालवण्याआधी पेटीला कान लावते. काहीच ऐकू आलं नाही की झोपते.

तिचं जेवण दर दोन आठवड्यांनी. गोठवलेला उंदीर, तिच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाएवढा, आदल्या रात्री फ्रीजमध्ये वितळवून मग पिशवीसकट गरम पाण्यात ठेवून ऊबदार केलेला, लांब चिमट्याने. ओठांवरच्या खळग्यांनी तिला ऊब जाणवते, गार उंदराकडे ती बघतही नाही. यासाठी बाल्कनीत वेगळा छोटा फ्रीज घेतला, कारण आईच्या स्वयंपाकघरात अंडंही येत नाही. आईची अट एकच, एकादशीला नको. ती मी पाळते, चकलीला एखाद-दोन दिवसांनी काही फरक पडत नाही. हिवाळ्यात तर ती महिनोन् महिने खात नाही. पहिल्या वर्षी मी हवालदिल झाले होते. आता स्वयंपाकाच्या काट्यावर दर रविवारी तिला तोलते आणि वहीत लिहिते. वजन टिकून आहे तोवर तिच्या उपासाला हरकत नाही. खाल्ल्यावर दोन दिवस तिला उचलायचं नाही, नाहीतर ओकते. तिला हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय मी कशालाही शिवत नाही. सापांच्या अंगावर साल्मोनेला, म्हणजे पोट बिघडवणारे जंतू, असू शकतात, आणि आई ब्याऐंशी वर्षांची आहे. आई तिला हात लावत नाही, मी लावूही देत नाही.

ऑगस्टमध्ये आमच्या पार्किंगमध्ये नाल्यातून एक दिवड आली. चौथ्या मजल्यावरचा नववीतला मुलगा ती बादलीत घालून थेट माझ्याकडे घेऊन आला. "काकू, तुमच्याकडे आहे ना, मग मी पण पाळू?" त्याचे डोळे चमकत होते. मला त्याला नाही म्हणणं फार जड गेलं. पण आपल्या मातीतला कुठलाही साप, बिनविषारी असला तरी, पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. चकली परदेशी जातीची आणि तिची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद आहे, २०२४ च्या नियमांप्रमाणे. भाच्याकडून माझ्याकडे आली तेव्हा हस्तांतराचीही नोंद करावी लागली. त्याला ते कागद दाखवले. मग आम्ही दोघांनी वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन लावला आणि सर्पमित्र येईपर्यंत तो बादलीवर जाळी धरून जिन्यात बसून राहिला. कायदा नसता तरी मी नाहीच म्हटलं असतं. दिवडीला येऊरच्या पायथ्यापासून खाडीपर्यंत अख्खं ओलं ठाणं आहे, तिला माझ्या रद्दीची काय गरज? चकलीला मात्र आता कुठेच सोडता येणार नाही. ती जन्मली पेटीत आणि तिचं रान इथून हजारो किलोमीटरवर. तिचं अंथरूण आता मीच.

तो मुलगा हल्ली रविवारी वजनाच्या वेळी येतो. वहीत आकडा तो लिहितो.

डाग बरा व्हायला वेळ लागला. त्वचेला इजा झाली की साप लवकर लवकर कात टाकतो, तशी तिने दसऱ्यापर्यंत दोनदा टाकली. कात अखंड, मोज्यासारखी उलटी होऊन निघाली की मी आधी डोळ्यांच्या जागी दोन पारदर्शक चकत्या आल्या आहेत ना हे बघते. सापाला पापणी नसते, डोळ्यावरचं भिंगही कातीबरोबर निघावं लागतं. ते आत अडकलं तर ओढायचं नसतं.

परवा तिने पुन्हा कात टाकली. आई सकाळचं वर्तमानपत्र भिंगाने वाचते, शब्दकोडं सोडवते आणि मग कालच्या अंकाच्या पेटीच्या मापाच्या घड्या घालून माझ्या टेबलावर ठेवते. हे काम तिने कधी स्वतःकडे घेतलं, मला आठवत नाही. मी कात टेबलावर पसरली. पोटाची बाजू वर. आईने हात मागे बांधून, वाकून, भिंग मी धरलेलं, त्यातून एकेक खवला पाहिला. मधोमध, चार खवल्यांच्या कडेला, एक बारीक वेडीवाकडी रेघ.

"आहे अजून," ती म्हणाली. मग भिंग जरा जवळ घ्यायला लावलं. "पण फिकी झालीये गं. गेल्या वेळेपेक्षा फिकी."

मी हात धुवायला गेले. परत आले तेव्हा तिने पुढच्या दिवसाचा कागद काढून, तळहाताने चुण्या मोडत, घडी घालायला घेतली होती.